सोळा आण्यांची काशी

माझी आई वर्षातून दोनदा काशीला जायची. एकदा दिवाळी आटोपली की, आणि एकदा चैत्रात. तरीही मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत काशी करून आलेल्यांची मोजदाद निघाली की तिला कुणी धरत नसे. कारण ती यात्रा कंपनीची स्वयंपाकीण होती. बसमध्ये चाळीस यात्रेकरू खिडक्या पकडून बसायचे आणि अगदी मागच्या बाकावर, कणकेच्या पोत्याला टेकून, आई. लोक विश्वनाथाच्या गल्लीत रांगेत उभे राहायचे तेव्हा ती धर्मशाळेच्या अंगणात स्टोव्हला पंप मारत असायची. दर्शनाची वेळ आणि भाताची वेळ एकच, त्यामुळे एवढ्या वेळा काशीला जाऊनही तिने विश्वनाथ पाहिला नव्हता.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. एकदा तरी काशीला जायचं असं ते म्हणत, पण म्हणायचं राहून गेलं नाही, जायचं राहून गेलं. पुढच्याच वर्षी यात्रा कंपनीच्या मालकांनी आईला विचारलं. बाजाराच्या मागे त्यांचं भांड्यांचं गोदाम होतं, आणि आईच्या हातची डाळ त्यांनी कुणाच्या तरी बारशाला खाल्ली होती. आई हो म्हणाली. ती यात्रेला गेली की वीस-बावीस दिवस मी समोरच्या अकरा नंबरच्या खोलीत जेवायची. तिथे गुरुजी आणि काकू राहायचे. गुरुजी निवृत्त शाळामास्तर, दारात आरामखुर्ची टाकून पोथ्या वाचायचे, आणि चाळीत कुठलाही प्रश्न निघाला की शास्त्र काय म्हणतं ते त्यांना विचारलं जायचं. माणूस वाईट नव्हता. पण बरोबर असण्याची त्यांना फार सवय होती.

आता गावाकडची एक रीत सांगायला हवी. काशीहून आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. तो वेशीवर थांबतो. घरचे, शेजारचे वाजतगाजत सामोरे जातात, त्याचे पाय धुतात, कारण तीर्थ अजून त्या पायांना लागलेलं असतं. मग मिरवत घरी. पुढे चांगला दिवस पाहून गंगापूजन, आणलेल्या गंगाजलाच्या गडूचं सील फोडून सगळ्यांना तीर्थ, आणि पंगत. त्या जेवणाला मावंदं म्हणतात. मावंदं घातल्याशिवाय काशी पुरी होत नाही. आमच्या चाळीतली निम्मी माणसं कोकणातली, निम्मी घाटावरची, पण या बाबतीत एकमत. फक्त अडचण अशी, की मुंबईला वेस कुठली? ती चाळीने फार पूर्वी ठरवून टाकली होती. मुलुंडचा जकात नाका. नाशिककडून येणारी प्रत्येक गाडी तिथे थांबतेच, शहर तिथे सुरू होतं, शिवाय बाजूला एक पिंपळ आहे. वेशीला आणखी काय लागतं?

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून या पिंपळाखाली पाण्याचा तांब्या धरून उभी राहत आले. बस यायची, यात्रेकरू उतरायचे, ताशा कडाडायचा, बायका आरत्या ओवाळायच्या. मी एकेकाच्या पायांवर पाणी घालायची. आणि आई? ती उतरायचीच नाही. मागच्या काचेतून मला हात करायची आणि बसबरोबर तशीच गोदामाकडे जायची, कारण हंडे-पातेली घासून, मोजून मालकांच्या ताब्यात द्यायची असायची. दुपारी तीन-चारला एकटीच चालत घरी यायची. आल्यावर पहिलं काम म्हणजे पिशवीतून बांगडे काढायची. तीन आठवडे पुरणपोळ्या लाटून तिचं तोंड अगदी गुळमट झालेलं असायचं.

मी मुळातच तापट. दहा वर्षांची असताना एकदा नाक्यावरून परत आले ती सरळ गुरुजींच्या खुर्चीसमोर उभी राहिले. म्हटलं, "सगळ्यांचे पाय धुतले. माझ्या आईचे का नाही धुवायचे? तीपण त्याच गाडीतून आली ना?"

गुरुजींनी चष्मा पुसला. रागावले नाहीत. आत जाऊन लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आले, पान काढलं, आणि समजावून सांगितलं, की जो स्वतःसाठी, श्रद्धेने तीर्थाला जातो त्याला पूर्ण फळ. जो दुसऱ्या कामासाठी गेला आणि जाता जाता तीर्थ घडलं, त्याला अर्धं. आणि जो दुसऱ्याच्या चाकरीत, पैसे घेऊन जातो, त्याला सोळावा हिस्सा.

"हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, बाळ," ते म्हणाले. "लिहिलेलं आहे."

तेवढ्यात आई बांगड्यांची पिशवी घेऊन चाळीत शिरत होती. तिने शेवटचं ऐकलं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर भांडेल. मी भांडणाच्या तयारीतच होते. पण ती उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "गुरुजी, तीर्थ म्हणजे नक्की काय हो?"

"तीर्थ म्हणजे उतार. नदी जिथे ओलांडता येते ती जागा. माणसाने तिथून पार व्हायचं."

"मग नावाडी तर दिवसातून दहा वेळा पार होतो. त्याला किती?"

गुरुजींनी पोथीचं पान उलटलं, परत मागे आणलं. आई हसत घरात आली. पिशवी मोरीत ठेवली आणि पदराने घाम पुसत मला म्हणाली, "सोळावो हिस्सो? म्हणजे आणो. बरा झाला गो. माका वाटला होता, काय्येक गावत नसतला."

मुंबईत इतकी वर्षं काढूनही फार राग आला किंवा फार आनंद झाला की तिची मालवणी वर यायची. तेव्हा आनंद झाला होता. मला मात्र भयंकर राग आला. माझ्या आईला एक आणा पुण्य देऊन हे खुशाल चहा पिणार, आणि ही खूश. पण आईचा हिशोब भलताच सरळ होता. एका खेपेला एक आणा, तर सोळा खेपांना सोळा आणे. सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे एक पूर्ण काशी. त्याच दिवशी तिने देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर कुंकवाने सात रेघा ओढल्या, तोवर सात खेपा झाल्या होत्या म्हणून. स्वतःच्या कपाळाला ती कुंकू लावत नव्हती. डबी देवासाठी होती. बोट पाण्यात बुडवून, कुंकवात टेकवून, एकेक रेघ तिने अशी सावकाश ओढली, जणू कुणी तिला अक्षर शिकवत होतं.

"सोळा झाल्या की मावंदं घालायचं," ती म्हणाली. "तवसर कोणाक सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही, पण चाळीत सगळ्यांना कळलं. भिंतीला काय कान असतात म्हणतात ते आमच्या चाळीत खरंच असावेत. नळावर बायका चेष्टा करायच्या, "काय गं, किती आणे झाले?" आई म्हणायची, "आठ. अधेली झाली." पुढे बारा झाल्या. त्या दिवशी तिने शिरा केला, मला दिला आणि स्वतःही खाल्ला.

आणखी एक गोष्ट ती करायची. प्रत्येक खेपेच्या आधी ज्यांना काशी घडणं शक्य नाही अशा घरांतून ती मूठभर तांदूळ मागून घ्यायची. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाची लेकरं लहान, कुणाकडे एवढी ऐपतच नाही. प्रत्येक घराची पुरचुंडी वेगळी, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली. काशीत पहिल्या दिवशीच्या भाताच्या हंड्यात ती हे तांदूळ सोडायची. "आपण नाही गेलो तर आपला दाणा तरी जाऊन येतो," असं तिचं म्हणणं. हा भात चाळीस यात्रेकरू जेवायचे. त्यांना ठाऊकही नसायचं की ते आमच्या अख्ख्या चाळीचं जेवतायत.

मी नववीत गेले त्या वर्षीच्या चैत्रात चौदावी रेघ पडली. आई परत आली. बांगडे साफ करता करता तिने सांगितलं, की दिवाळीनंतरची खेप तिची शेवटची. मालक आता गॅसच्या मोठ्या शेगड्या घेणार होते आणि नाशिकहून दोन आचारी आणणार होते. त्यांच्या मते बाईमाणसाला तो पसारा झेपायचा नाही.

"पंधरा होतील," आई म्हणाली. "पंधरा काय वाईट?"

वाईट नाही कसं? रुपयाला एक आणा कमी म्हणजे रुपया नव्हेच. बारा आण्याला शिरा, आणि पंधरा आण्यांवर यात्रा बंद. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही एक गोष्ट, तीही देवाकडे नाही, भिंतीकडे मागितलेली. आणि ती एका रेघेने हुकणार होती. दोन-तीन दिवस मी धुमसत होते. शाळेत एका मुलीशी विनाकारण भांडले. मग एका संध्याकाळी आई नळावर गेलेली असताना मी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि चौदाव्या रेघेशेजारी पंधरावी ओढली. माझं बोट बारीक, रेघ बारीक आली. म्हणून त्याच रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. हात धुतला तरी नखात लाल राहिलं होतं, म्हणून ती मूठ मी रात्रीच्या जेवणापर्यंत उघडली नाही.

आईने दिवा लावला, हात जोडले. भिंतीकडे पाहिलं की नाही मला कळलं नाही. मला म्हणाली, "उद्याची डाळ भिजत घातलीस?" मी घातली नव्हती. तिने दोन शब्द ऐकवले आणि विषय संपला.

मला वाटलं, झकास. जमलं.

पण पापाला वाचा फुटायला फार वेळ लागत नाही. गणपतीच्या दिवसांत काकू आमच्याकडे कापूर मागायला आल्या. देव्हाऱ्यामागे त्यांची नजर गेली. बोटाने मोजल्या. "अगं बाई, पंधरा. म्हणजे आताची सोळावी की गं." आणि आई काही बोलायच्या आत त्या बाहेर, नळावर, सगळ्यांना सांगून मोकळ्या. संध्याकाळी स्वतः गुरुजी आमच्या दारात आले. असं ते कधी येत नसत.

"सोळावी आहे असं ऐकलं," ते म्हणाले. "आमचंही जायचं राहिलंय. तुमच्याच गाडीने यावं म्हणतो आम्ही दोघं."

आई एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "या ना. पथ्याचं काय असेल ते आधी सांगा." एवढंच.

त्या दिवाळीत मला फराळ गोड लागला नाही. आता ही माझ्या आणि भिंतीमधली गोष्ट राहिली नव्हती. गुरुजी शास्त्राचे पक्के. त्यांना कळलं की सोळावी खोटी आहे, तर आईची आधीची चौदाही ते खोटीच धरतील. बस सुटली तेव्हा मी नाक्यापर्यंत धावत गेले, खिडकीशी जाऊन सगळं सांगून टाकायचं ठरवून. पण मागच्या बाकाची खिडकी पातेल्यांनी झाकलेली होती. आईचा फक्त हात दिसला.

ते बावीस दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला एकच भीती. खोट्या पुण्याच्या गाडीला अपघात झाला तर? देवाला नाराज करायला मीच निघालेले, आणि गाडीत चाळीस निरपराध माणसं. रोज संध्याकाळी मी त्या बारीक रेघेसमोर उभी राहून म्हणायची, शिक्षा करायची तर मला कर, माझे गणिताचे मार्क कमी कर, पण गाडी नीट आण. सहामाहीत गणितात खरंच वाट लागली होती. तो निकाल हातात आला तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

गाडी ठरल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आली. पिंपळाखाली सगळी चाळ जमलेली. या वेळी गुरुजी येणार म्हणून ताशेवाले दोनाचे चार केलेले. जकातीच्या शिपायाने टपावरचे डबे बघून विचारलं, "यात काय?" कुणीतरी वरून ओरडलं, "गंगा." तो म्हणाला, "किती डबे?" मग स्वतःच हसला, टोपी काढून ओंजळ पुढे केली, तीर्थ प्यायला आणि गाडी सोडली.

मी ठरवूनच आले होते. आज काही झालं तरी बसच्या मागच्या दारात जाऊन आईच्या पायांवर पाणी घालायचं, आणि तिथेच कानात खरं काय ते सांगून टाकायचं. मी तांब्या घेऊन मागे पळाले. आई दारात उभी होती, हातात भातवाढी आणि झाऱ्यांचा जुडगा. पण माझ्या आधी तिथे गुरुजी पोचले होते. पुढच्या दाराने उतरून, कुणालाही पायांना हात लावू न देता ते सरळ मागे चालत आले होते. त्यांच्यामागे काकू, आणि काय चाललंय म्हणून सगळी माणसं.

"खाली उतरा," गुरुजी आईला म्हणाले.

"भांडी उतरवायची आहेत, गुरुजी."

"राहू देत."

आई उतरली. अनवाणी होती. गुरुजी लोकांकडे वळले. वर्गात बोलायचे तसं मोठ्याने बोलायला लागले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"काशीत पहिल्या दिवशी मी दर्शनाला निघालो, आणि चष्मा विसरला म्हणून परत फिरलो. या बाई हंड्यापाशी बसल्या होत्या. पुरचुंड्या सोडत होत्या. मूठभर तांदूळ हंड्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, खोली नंबर तीन. खोली नंबर सात. खोली नंबर नऊ. मग म्हणाल्या, खोली नंबर अकरा." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "अकरा आमची. मी म्हटलं, अहो, आम्ही तर आलोय. तर म्हणाल्या, काकूंनी सवयीने दिले. दर वेळी देतात. म्हणजे मी इथे खुर्चीत बसून यांना आणे वाटत होतो, आणि या मला इतकी वर्षं काशीला नेऊन आणत होत्या."

काकू खाली बघत होत्या. मला ठाऊक होतं, त्या तांदूळ मागच्या दाराने द्यायच्या.

"पोथीत दुसऱ्यासाठी जाणाऱ्याला किती ते लिहिलंय," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याला घेऊन जाणाऱ्याला किती, ते नाही लिहिलेलं. मी गाडीत बसल्या बसल्या सगळं आठवून पाहिलं. तुम्ही नावाड्याचं विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

आणि त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. सत्तरीचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला. आई दोन पावलं मागे सरकली, पाठ बसला टेकली.

"अहो गुरुजी, मला पाप लागेल."

"लागू दे," ते म्हणाले. "सोळा आणे झालेत. एखादा खर्च झाला तरी चालेल."

पाणी तिच्या पायांवर पडलं. त्या पायांना किती भेगा होत्या ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. काकूंनी वरून दूध घातलं, हळद वाहिली. मग एकेक बाई पुढे आली. खोली नंबर तीन आली, सात आली, नऊ आली. मी रडायलाच लागले होते. आईजवळ घुसून म्हटलं, "आई, ऐक ना. एक रेघ..." पण तेवढ्यात चारही ताशे एकदम सुरू झाले. आईने माझं डोकं पोटाशी दाबलं आणि म्हणाली, "रडतंस कित्याक? गप रव." मग आम्ही जुन्या आग्रा रोडने मिरवत निघालो. पुढे ताशे, मध्ये माझी आई, हातात अजून झारे, कारण ते कुठे ठेवायचे ते तिला सुचेना. मागे रिकामी बस हॉर्न न वाजवता येत होती. दुकानदार बाहेर येऊन विचारत होते, कोण आहे हो. लोक सांगत होते, काशीची बाई आहे. मी त्या दिवशीइतकी ताठ मानेने पुन्हा कधी चालले नाही. पोटात खोटं होतं, तरीही.

भांडी चाळीच्या बायकांनी घासली. गोदामात जाऊन, पदर खोचून, राखेने लख्ख. मालक बघतच राहिले. यात्रेकरूंनी आधीच त्यांना ऐकवलं होतं, की नाशिकचे आचारी आणणार असाल तर आम्ही दुसरी कंपनी बघू. संध्याकाळी ते घरी आले आणि चैत्रात चला म्हणाले, गॅसच्या शेगड्या तुम्हीच वापरा. आई म्हणाली, "येईन. पण काशीत पहिल्या सकाळी आधी दर्शन, मग चूल. तोवर लोकांनी चहा प्यावा." मालक हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या रविवारी मावंदं झालं. गडूचं सील फोडायची वेळ आली तेव्हा कुणी म्हातारी पुटपुटली, की सवाष्णीने फोडावं. गुरुजी म्हणाले, "जिने आणली तिनेच." आईने फोडलं. स्वयंपाक बायकांनी केला आणि आईला पहिल्या पंगतीत पाटावर बसवलं. तिला बसवत नव्हतं. दर दोन मिनिटांनी अर्धी उठायची, कुणीतरी खांदे दाबून खाली बसवायचं. काकूंनी तिच्या पानात वरणभात वाढला, तूप सोडलं. सगळी चाळ तिच्या पहिल्या घासाकडे बघत होती. तिने घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी आसा." मग तिने तीनदा भात मागून घेतला.

देव्हाऱ्यामागे आता सोळा रेघा झाल्या होत्या. सोळावी आईने स्वतः ओढली, मावंद्याच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर. मी तिकडे बघत नव्हते. सांगायचं होतं, पण रोज सांगायचं ठरवायची आणि रोज तिचा चेहरा बघून गप्प बसायची. त्या दिवसांत ती नळावरही गुणगुणत असायची.

चैत्रात ती पुन्हा गेली. परत आली तेव्हा नाक्यावर सगळ्यांत आधी तिचे पाय धुतले गेले. आता तसा नेमच झाला होता. घरी आल्यावर तिने सांगितलं, की विश्वनाथ पाहिला. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, लहानसा आहे, पण पाणी सारखं चालू असतं वरून. मग पिशवीतून बांगडे काढले, तवा ठेवला.

मी वाट बघत होते. जेवण झालं तरी ती देव्हाऱ्याकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तव्यापाशी बसलेली असताना मीच कुंकवाची डबी आणि वाटीत पाणी घेऊन तिच्याजवळ गेले. म्हटलं, "या खेपेची रेघ राहिलीय."

आईने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जी बाई चाळीस माणसांच्या पोळ्यांची कणीक नजरेने मोजायची, तिला चौदा आणि पंधरा वेगळे कळणार नाहीत असं मला का वाटलं होतं, देव जाणे.

"ती कशाक?" आई म्हणाली. "एक तू आधीच ओढलंस नाय?"

मी डबी आणि वाटी तिच्यापुढे खाली ठेवली. मग म्हटलं, "मी नाक्यावर सांगणार होते."

"मीपण सांगणार होतंय," आई म्हणाली. "पण ताशो वाजत होतो." तिने डबीचं झाकण लावून ती माझ्या हातात परत दिली. "आता खरी झाली. ठेव ती जाग्यार, आणि बांगडे परत, करपतील."